पायथनचं कुलूप निघालं, किल्ल्या आता तुमच्या हाती

आठ कोअरच्या लिनक्स मशीनवर पायथनचा एक प्रोग्राम चालवा. पाच कोटींपर्यंतच्या मूळ संख्या शोधण्यासारखं निव्वळ आकडेमोडीचं काम आठ थ्रेडमध्ये वाटून द्या आणि शेजारच्या खिडकीत कोणता प्रोग्राम किती सीपीयू खातोय ते दाखवणारं 'टॉप' उघडून ठेवा. आठही कोअर राबत असतील तर या प्रोग्रामसमोर सीपीयूच्या रकान्यात ८००च्या आसपास आकडा दिसायला हवा. दिसतो १००च्या आसपास. आठ जणांना कामाला लावलं आणि काम झालं एकाचंच. कधीकधी तर एका थ्रेडपेक्षा आठ थ्रेडना जास्त वेळ लागतो.

पायथन शिकणारा प्रत्येक जण केव्हा ना केव्हा इथे अडखळतो. या प्रकाराचं कारण म्हणजे 'ग्लोबल इंटरप्रिटर लॉक', बोलीभाषेत 'गिल'. हे गिल नसलेली पायथन ७ ऑक्टोबर २०२४ रोजी ३.१३ या आवृत्तीबरोबर प्रयोग म्हणून आली. ७ ऑक्टोबर २०२५ रोजी आलेल्या ३.१४ मध्ये तिच्यावरचा 'प्रायोगिक' हा शिक्का निघाला आणि तिला अधिकृत पाठिंबा मिळाला. तिचं नाव 'फ्री-थ्रेडेड' पायथन. 'आता पायथन आपोआप वेगवान झाली' असा या बातमीचा अर्थ लावला जातो आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

एक पळी, आठ आचारी

आधी तीन शब्द पक्के करू. कोअर म्हणजे सीपीयूमधला प्रत्यक्ष काम करणारा भाग. थ्रेड म्हणजे एकाच प्रोग्राममधला कामाचा एक स्वतंत्र धागा. सगळ्या थ्रेडची मेमरी सामाईक असते. आणि इंटरप्रिटर म्हणजे तुम्ही लिहिलेला पायथन कोड पायरीपायरीने वाचून अमलात आणणारा प्रोग्राम.

आता लग्नाचा भटारखाना डोळ्यांसमोर आणा. आठ शेगड्या आहेत, आठ आचारी आहेत, पण नियम असा की ज्याच्या हातात पळी, त्यानेच काम करायचं. पळी एकच. बाकीचे सात जण आपापल्या शेगडीपाशी उभे. ही पळी म्हणजे गिल. ज्या थ्रेडकडे ती असेल तोच पायथनचा कोड चालवू शकतो. दुसरा थ्रेड वाट बघत असेल तर साधारण ५ मिलिसेकंदांनी पळी सोडायला सांगितलं जातं, म्हणून सगळं एकाच वेळी चालल्याचा भास होतो. प्रत्यक्षात ते आळीपाळीने चालतं.

असं असूनही इतकी वर्षं पायथनचं अडलं नाही, याला दोन कारणं आहेत. पहिलं असं की एखादा आचारी डेअरीतून दूध यायची वाट बघत असेल, तर तेवढ्या वेळात तो पळी खाली ठेवतो. नेटवर्कवरून उत्तर यायचंय, डिस्कवरून फाइल वाचायचीय, डेटाबेसकडे प्रश्न पाठवलाय, अशा वेळी थ्रेड गिल सोडून देतो. म्हणूनच शंभर वेबपानं उतरवून घ्यायला थ्रेड आधीपासून उपयोगी पडतात. दुसरं कारण मिक्सरचं. नमपायसारख्या आकडेमोडीच्या लायब्ररीचं जड काम सी भाषेत लिहिलेलं असतं. मिक्सर सुरू केला की पळी दुसऱ्याला देता येते, तशी ही लायब्ररी मोठ्या आकडेमोडीच्या वेळी बऱ्याचदा गिल सोडते. गिलचा खरा जाच होतो तो शुद्ध पायथनमध्ये लिहिलेल्या, सीपीयू खाणाऱ्या कामांना: मजकुराची चिरफाड, मोठ्या फाइलींमधले नियम तपासणं, सिम्युलेशन, ग्राफवरचे अल्गोरिदम.

मग हे कुलूप लावलं होतं कशाला?

पायथनमधली प्रत्येक वस्तू, म्हणजे आकडा, अक्षरांची माळ, लिस्ट, आपल्या अंगावर एक मोजणी बाळगते: मला सध्या किती ठिकाणी वापरलं जातंय? याला रेफरन्स काउंट म्हणतात. नवी जागा वापरू लागली की मोजणी एकने वाढते, सोडलं की एकने घटते, शून्य झाली की वस्तूची मेमरी मोकळी.

भटारखान्यातल्या प्रत्येक पातेल्यावर खडूने असा आकडा लिहिलाय असं समजा. आकडा शून्य झाला की पातेलं घासायला जातं. दोन आचाऱ्यांनी एकाच क्षणी '२' वाचला, दोघांनी आपापला एक वाढवून '३' लिहिला, तर एकाची नोंद हरवली. खरा आकडा ४ हवा होता. पुढे तिघांनी पातेलं सोडलं की आकडा शून्य होतो आणि चौथ्याची भाजी आत शिजत असताना पातेलं मोरीत जातं. प्रोग्रामच्या भाषेत हा क्रॅश. उलट चूक झाली तर पातेलं कधीच घासायला जात नाही आणि मेमरी भरत राहते.

गुइदो फान रॉसम यांनी पायथन पहिल्यांदा १९९१ साली लोकांसमोर ठेवली. त्या काळी घराघरांतल्या आणि ऑफिसांतल्या संगणकांना एकच कोअर असे. एकच शेगडी असताना एका पळीने कोणाचंच नुकसान होत नव्हतं, आणि हजारो पातेल्यांना हजार कुलपं लावण्यापेक्षा दाराला एक लावणं सोपं आणि जलद होतं. शिवाय सी भाषेत पायथनची जोड लिहिणाऱ्यांनाही ते सोयीचं होतं. आपला कोड चालू असताना दुसरा कोणी मध्ये घुसणार नाही हे गृहीत धरता येई. पायथनभोवती शास्त्रीय लायब्ऱ्यांचा जो पसारा उभा राहिला त्यात या सोयीचा वाटा मोठा आहे. गिलला शिव्या घालताना हे विसरलं जातं.

कुलूप काढायचे प्रयत्नही जुने. ग्रेग स्टाइन यांनी १९९६ साली १.४ या आवृत्तीवर ते करून दाखवलं, पण एका थ्रेडचे साधे प्रोग्राम कमालीचे मंदावले. २००७ मध्ये गुइदोंनी जाहीरपणे अट घातली की एका थ्रेडच्या प्रोग्रामचा वेग घटणार नसेल तरच असा बदल घेऊ. २०१६ मध्ये लॅरी हेस्टिंग्ज यांचा 'गिलेक्टमी' हा प्रयत्नही याच भिंतीवर आपटला. प्रत्येक मोजणी सुरक्षित करायची, तर प्रत्येक छोट्या हालचालीला खर्च वाढतो, आणि पायथनमध्ये अशा हालचाली सेकंदाला कोट्यवधी.

या वेळी जमलं कसं?

मेटा कंपनीतले सॅम ग्रॉस यांनी २०२१ मध्ये गिल नसलेली पायथन चालवून दाखवली. तिच्यावरून तयार झालेला प्रस्ताव, पेप ७०३, ऑक्टोबर २०२३ मध्ये स्वीकारला गेला. त्यातली मुख्य युक्ती अशी की बहुतेक वस्तू ज्या थ्रेडने बनवल्या तोच वापरतो. म्हणून प्रत्येक पातेल्याला एक मालक ठरवायचा आणि दोन आकडे लिहायचे. मालकाने आपला आकडा बिनदिक्कत, झटपट बदलायचा. परक्याने मात्र वेगळा, सामाईक आकडा बदलायचा, आणि तो बदलताना सीपीयूची 'अटॉमिक' सूचना वापरायची. म्हणजे वाचणं, वाढवणं, लिहिणं या तिन्ही पायऱ्या मध्ये कोणी घुसू शकणार नाही अशा एका झटक्यात होतात. ही सूचना महाग असते, पण ती क्वचित लागते.

त्याला जोड आणखी दोन गोष्टींची. नन, ट्रू, फॉल्स, लहान पूर्णांक अशा वस्तू प्रोग्राम संपेपर्यंत राहणारच असतात, त्यांची मोजणी ठेवणंच बंद केलं. त्यांना 'अमर' वस्तू म्हणतात आणि ही सोय ३.१२ पासून आहे. आणि लिस्ट, डिक्शनरी, सेट यांना प्रत्येकी स्वतःचं छोटं कुलूप मिळालं. दाराचं एक मोठं कुलूप गेलं, डब्याडब्याला कडी आली.

म्हणजे माझा प्रोग्राम आता आपोआप पळेल?

नाही. तुमचा प्रोग्राम एकाच थ्रेडवर चालत असेल तर फ्री-थ्रेडेड पायथनमध्ये तो थोडा मंदच होईल. ३.१३ मध्ये हा फटका पायथनच्या ठरलेल्या चाचण्यांवर सुमारे ४० टक्के होता. वारंवार होणारं काम ओळखून जवळची वाट धरणारी यंत्रणा पायथनमध्ये ३.११ पासून आहे, ३.१३च्या फ्री-थ्रेडेड बिल्डमध्ये (बांधणीत) ती बंद ठेवावी लागली होती, म्हणून एवढा फरक. ३.१४ मध्ये ती सुरक्षित करून परत जोडली आणि फटका साधारण ५ ते १० टक्क्यांवर आला. मशीन आणि कंपायलरप्रमाणे तो कमीजास्त होतो. मेमरीही जास्त लागते. अधिकृत पाठिंबा देताना पेप ७७९ मध्ये मर्यादाच घातली होती: वेगातली घट १५ टक्क्यांच्या आत, मेमरीतली वाढ २० टक्क्यांच्या आत.

फायदा हवा असेल तर काम थ्रेडमध्ये वाटावं लागेल आणि ते वाटण्यासारखं असावं लागेल. इथे एक साधा हिशेब कामी येतो, संगणकशास्त्रात तो अ‍ॅमडालचा नियम म्हणून ओळखला जातो. समजा, तुमच्या प्रोग्राममधलं ६० टक्के काम वाटता येतं आणि ४० टक्के ओळीनेच करावं लागतं. मूळ वेळ १०० सेकंद. आठ कोअरवर वाटलेल्या भागाचे ६० सेकंद साडेसातवर येतात, पण ४० सेकंद तसेच राहतात. एकूण साडेसत्तेचाळीस. म्हणजे आठ कोअर घालून वेग दुपटीच्या जरा वर. वाटता येणारा भाग ९५ टक्के असेल तर त्याच आठ कोअरवर तो जवळपास सहापट होतो. म्हणून आधी प्रोफायलर लावून वेळ नेमका कुठे जातो ते बघा, थ्रेड नंतर.

झाकलेली चूक आता उघडी पडते

या सगळ्या बदलातला सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे, आणि नव्या आवृत्तीच्या गुणगानात नेमका तोच सुटतो.

ही ओळ बघा: मोजणी += १. (पायथन ३ मध्ये देवनागरी नावं चालतात, त्यामुळे ही ओळ जवळजवळ जशीच्या तशी चालेल, आकडा तेवढा रोमन लिहावा लागतो.) दिसायला ही एक कृती, पण इंटरप्रिटर तिच्या तीन पायऱ्या करतो. मोजणीची सध्याची किंमत उचलायची, तिच्यात एक मिळवायचा, नवी किंमत परत ठेवायची. आता दोन थ्रेड एकाच वेळी हे करताहेत. मोजणी ४१ आहे. पहिल्याने ४१ उचलला. दुसऱ्यानेही ४१ उचलला. पहिल्याने ४२ ठेवला. दुसऱ्यानेही ४२ ठेवला. दोनदा वाढवून मोजणी एकनेच वाढली. याला रेस कंडिशन म्हणतात.

आठ थ्रेड, प्रत्येकाने ही ओळ एक लाख वेळा चालवायची, शेवटी आकडा छापायचा. नेहमीच्या ३.१४ वर हे चालवलं तर दर वेळी बरोबर ८,००,००० येतात. फ्री-थ्रेडेड ३.१४ वर चालवलं तर आकडा कमी येतो, आणि दर वेळी वेगळा.

नेहमीच्या पायथनवर तो बरोबर का येतो? ३.१० पासून इंटरप्रिटर पळी दुसऱ्याला द्यायची की नाही याचा विचार ठरावीक जागीच करतो, मुख्यतः लूप परत फिरताना आणि फंक्शनमध्ये शिरताना. आपल्या तीन पायऱ्यांच्या मध्ये अशी जागा येत नाही, म्हणून त्या कधी तुटत नाहीत. हे पायथन भाषेचं वचन नव्हे, इंटरप्रिटरच्या रचनेचा योगायोग आहे. तीच ओळ थोडी बदलून 'मोजणी = वाढव(मोजणी)' अशी केली, तर उचलणं आणि ठेवणं यांच्या मध्ये एका फंक्शनचा उंबरठा येतो. मग गिल असतानाही आकडा चुकू शकतो. म्हणजे चूक आधीपासून तुमच्या कोडमध्येच होती, गिलने ती बहुतेक वेळा झाकून ठेवली. कुलूप गेलं म्हणून चूक जन्माला येत नाही. ती दिसू लागते, आणि ती दिसणं चांगलंच आहे.

यावर उपाय तीन, आणि त्यांतला शेवटचा सर्वांत चांगला. पहिला, थ्रेडिंग मॉड्यूलमधलं 'लॉक' घ्या आणि 'विथ'च्या आत ती ओळ लिहा. बरोबर उत्तर येईल, पण ओळ एवढीच असेल तर सगळे थ्रेड लॉकपाशी रांग लावतील आणि वेग एका थ्रेडच्याही खाली जाईल. दुसरा, सामाईक वस्तूला हात लावण्याऐवजी 'क्यू'मधून कामं आणि निकाल द्या-घ्या. क्यूच्या आत लॉकची व्यवस्था आधीच केलेली असते. तिसरा, प्रत्येक थ्रेडने आपली बेरीज आपल्यापाशी, फंक्शनच्या आतल्या व्हेरिएबलमध्ये ठेवायची आणि शेवटी एकदाच परत द्यायची. आठ बेरजा मुख्य थ्रेडने मिळवायच्या. सामाईक काहीच नाही, म्हणून भांडणही नाही.

पण लिस्ट आणि डिक्शनरीला आतलं कुलूप आहे ना?

आहे. म्हणून आठ थ्रेडनी एकाच लिस्टला 'अपेंड' केलं तरी लिस्ट मोडत नाही आणि एकही वस्तू हरवत नाही. पण हे कुलूप एका कृतीपुरतं असतं. 'डिक्शनरीत ही किल्ली आहे का बघ. नसेल तर किंमत काढून ठेव' या दोन कृती आहेत, आणि त्यांच्या मधली फट उघडीच राहते. दोन थ्रेडना एकदमच 'नाही' असं उत्तर मिळतं आणि दोघेही तेच महागडं काम करतात. काढलेली उत्तरं साठवून ठेवणाऱ्या कॅशच्या बाबतीत हे फक्त वाया गेलेलं काम. पण 'खात्यात पाचशे आहेत का बघ. असतील तर वजा कर' अशी रचना असेल तर पैसे दोनदा जातात.

दुसरी हमखास फसण्याची जागा म्हणजे इटरेटर, नोंदी एकामागून एक हाती देणारी वस्तू. फाइल वाचणारा एकच इटरेटर चार थ्रेडना देऊन 'जमेल तसं पुढचं उचला' असं सांगितलं, तर काही नोंदी दोनदा येऊ शकतात, काही गळू शकतात. त्याऐवजी मुख्य थ्रेडने वाचून क्यूत टाकावं.

तिसरी गोष्ट वेगाची. सामाईक लिस्टमध्ये सगळ्यांनी सतत भर टाकली तर उत्तर बरोबर येईल, पण कडीपाशी रांग लागेल. 'फ्री-थ्रेडेड घेतलं तरी वेग वाढत नाही' या तक्रारीचं मूळ बरेचदा इथे सापडतं.

करून बघायचं तर

नेहमीची पायथन काढून टाकू नका. फ्री-थ्रेडेड ही वेगळी बिल्ड आहे आणि दोन्ही शेजारी शेजारी राहतात. तिची खूण म्हणजे आवृत्तीच्या आकड्यामागे जोडलेलं इंग्रजी 'टी' हे अक्षर. पायथन बसवणारं 'यूव्ही' हे साधन वापरत असाल किंवा विंडोजवरचा नवा पायथन इन्स्टॉल मॅनेजर, तर मागताना ३.१४ च्या पुढे हे 'टी' जोडा. मॅकवरच्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये 'कस्टमाइझ'वर जाऊन फ्री-थ्रेडेडचा पर्याय निवडावा लागतो, तो आपोआप येत नाही. व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (प्रोजेक्टपुरता पॅकेजेसचा वेगळा कप्पा) मात्र नवं बनवा. जुन्यातली पॅकेजेस इकडे चालणार नाहीत.

चालवलीय ती हीच बिल्ड, याची खात्री करायला कॅपिटल व्ही दोनदा देऊन आवृत्ती छापा. ओळीत 'फ्री-थ्रेडिंग बिल्ड' हे शब्द दिसले पाहिजेत. एवढ्यावर थांबू नका, कारण इथे एक खाच आहे. सी भाषेत लिहिलेलं एखादं पॅकेज 'मी गिलशिवाय चालू शकतो' असं जाहीर करत नसेल, तर ते इम्पोर्ट होताच इंटरप्रिटर गिल परत सुरू करतो. पडद्यावर 'रनटाइम वॉर्निंग'ची एक ओळ येते, तिच्यात त्या मॉड्यूलचं नाव असतं, आणि लॉगच्या गर्दीत ती सहज निसटते. मग तुम्ही तासभर मोजत बसता आणि वेग जागचा हलत नाही. म्हणून सगळे इम्पोर्ट झाल्यानंतर 'सिस' मॉड्यूलमधलं, अंडरस्कोरने सुरू होणारं 'इज गिल एनेबल्ड' हे फंक्शन बोलवा. 'फॉल्स' आलं तरच पुढे जा. 'पायथन गिल' हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल ० ठेवून गिल जबरदस्तीने बंद ठेवता येतं, पण जे पॅकेज तयार नाही ते अशा वेळी चुकीची उत्तरं देऊ शकतं किंवा कोसळू शकतं. प्रयोगापुरतं ठीक, खऱ्या डेटावर नको.

पॅकेज बसवताना लांबलचक लाल मजकूर आला आणि त्यात सी कंपायलर सापडला नाही अशी कुरबुर दिसली, तर समजा की त्या पॅकेजचं फ्री-थ्रेडेडसाठीचं 'व्हील', म्हणजे तयार बांधलेली फाइल, उपलब्ध नाही आणि पॅकेज बसवणारा 'पिप' ते मूळ कोडपासून बांधायला बघतोय. नेहमीच्या पायथनसाठीचं व्हील इथे बसत नाही; सी भाषेतल्या पॅकेजेसची 'सगळ्या आवृत्त्यांना एकच' म्हणून मिळणारी व्हीलसुद्धा ३.१४च्या फ्री-थ्रेडेडवर चालत नाहीत. नमपायने २.१ या आवृत्तीपासूनच या बिल्डला पाठिंबा द्यायला सुरुवात केली, पण तुमच्या यादीतलं एखादं छोटं, दुर्लक्षित पॅकेज तुमची गाडी अडवू शकतं. आधी पूर्ण यादी बसते का ते बघा, मगच कोडला हात लावा.

मोजताना तीन आकडे हवेत: नेहमीच्या ३.१४ वर एक थ्रेड, फ्री-थ्रेडेडवर एक थ्रेड, आणि फ्री-थ्रेडेडवर २, ४, ८ थ्रेड. पहिला आकडा सोडून दिला तर फायदा फुगलेला दिसतो. 'थ्रेड पूल एक्झिक्युटर' वापरत असाल तर थ्रेडची संख्या स्वतः सांगा. न सांगितल्यास तो उपलब्ध सीपीयूंच्या संख्येत ४ मिळवून तेवढे घेतो, जास्तीत जास्त ३२. वाट बघण्याच्या कामांना ते बरं, आकडेमोडीला जास्तीचे थ्रेड नुसती गर्दी करतात. आणखी एक, तुमच्या लॅपटॉपचे 'आठ सीपीयू' प्रत्यक्षात चार कोअर असू शकतात, प्रत्येक कोअर दोन सीपीयू म्हणून दिसणारा. मग चार थ्रेडपर्यंत वेग झपाट्याने वाढून पुढे मंदावेल. त्यात पायथनचा दोष नाही.

मल्टिप्रोसेसिंग होतंच की!

होतं, आणि अनेक कामांना अजूनही तेच योग्य आहे. त्यात एका भटारखान्यात आठ आचारी ठेवण्याऐवजी आठ वेगळे भटारखाने उघडायचे, प्रत्येकाची पळी वेगळी. असा प्रत्येक भटारखाना म्हणजे एक प्रोसेस. कोणी कोणाच्या पातेल्याला हात लावत नाही, एक कोसळला तरी बाकीचे चालू. अडचण होते ती सामान इकडून तिकडे नेताना. प्रत्येक वस्तू बांधायची, पाठवायची, तिकडे उघडायची. या बांधण्याला पायथनमध्ये 'पिकल' करणं म्हणतात, आणि नाव चपखल आहे, लोणचं घालून बरणी पाठवण्यासारखंच ते काम. दोन जीबीची डिक्शनरी आठ ठिकाणी पाठवायची असेल, तर पाठवण्यातच वाचवलेला वेळ जातो.

मेमरीचंही तसंच. दीड जीबीचं मशीन लर्निंग मॉडेल आठ प्रोसेसनी आपापलं उघडलं की १२ जीबी गेली. लिनक्सवर फोर्क केल्यावर, म्हणजे चालू प्रोसेसची प्रत काढल्यावर, मेमरीची पानं आधी सामाईक असतात आणि कोणी लिहिलं तरच प्रत निघते. पण पायथनमध्ये वस्तू नुसती वाचली तरी तिच्या अंगावरचा रेफरन्स काउंट बदलतो, म्हणजे लिहिलं जातंच, आणि हळूहळू प्रती निघत राहतात. थ्रेडमध्ये मॉडेल एकदाच उघडायचं, आठ जणांनी वाचायचं. मोठा डेटा सामाईक वाचायचा आणि निकाल छोटा, अशा कामाला फ्री-थ्रेडेडचा सर्वांत जास्त लाभ होतो.

मल्टिप्रोसेसिंगवरच राहणाऱ्यांसाठीही ३.१४ मध्ये एक सूचना आहे. लिनक्सवर नवी प्रोसेस सुरू करायची ठरलेली पद्धत 'फोर्क'वरून 'फोर्क सर्व्हर'वर गेली. मुख्य प्रोग्राममध्ये आधी भरून ठेवलेलं ग्लोबल व्हेरिएबल नव्या प्रोसेसना आयतं मिळेल या भरवशावर लिहिलेला कोड इथे अडेल, आणि फाइलच्या शेवटी मेनचं संरक्षण देणारी 'इफ'ची ओळ नसेल तर एरर येईल. आवृत्ती बदलताच असा प्रोग्राम बिघडला तर आधी हे तपासा.

माझी वेबसाइट जलद होईल का?

बहुतेक वेबसाइट डेटाबेसची वाट बघण्यात वेळ घालवतात. तिथे गिल तसंही सुटलेलं असतं, म्हणून फरक थोडा. मंद क्वेरीला इंडेक्स लावल्याने जे मिळेल ते गिल काढून मिळणार नाही. असिंक-अवेटचंही तेच: ते एका थ्रेडवर हजारो वाट बघणी सांभाळण्यासाठी आहे, आकडेमोड वाटण्यासाठी नव्हे. पण विनंतीगणिक जेसन स्वरूपातला मोठा डेटा उलगडणं, टेम्प्लेट बांधणं, मॉडेल चालवणं अशी कामं असतील, तर आठ वर्कर प्रोसेसच्या जागी एक प्रोसेस आणि आठ थ्रेड करून बघण्यासारखं आहे. वाचेल ती मुख्यतः मेमरी, आणि भाड्याच्या सर्व्हरवर मेमरी म्हणजे महिन्याचं बिल.

मग आज वापरायचं का?

शिकण्यासाठी आणि मोजण्यासाठी, हो, आजच. प्रॉडक्शनमध्ये तेव्हाच, जेव्हा तिन्ही आकडे हातात असतील, 'रनटाइम वॉर्निंग' एकही नसेल आणि सामाईक बदलणाऱ्या प्रत्येक वस्तूचं नाव तुम्हाला सांगता येत असेल. कोडमध्ये 'ग्लोबल' हा शब्द, मॉड्यूलच्या वरच्या पातळीवरच्या लिस्ट-डिक्शनरी, क्लासवर ठेवलेली कॅश आणि सिंगलटन (प्रोग्रामभर एकच ठेवलेली वस्तू) शोधा. थ्रेडमधून हात लागतो अशा या सगळ्या जागा कागदावर उतरवा. टेस्ट एकदा हिरवी झाली म्हणून सोडू नका. रेस कंडिशन शंभरात एकदा दिसते, म्हणून तीच टेस्ट आठ थ्रेडमध्ये शेकडो वेळा चालवा. दोन लॉक एकदम घ्यावी लागत असतील तर सगळीकडे त्याच क्रमाने घ्या, नाहीतर दोन थ्रेड एकमेकांसाठी कायमचे थांबतील.

गिल नसलेली पायथन हीच सगळ्यांची नेहमीची पायथन करायची ही ठरलेली तिसरी पायरी आहे, पण तिची तारीख ठरलेली नाही. तोवर दोन्ही बिल्ड सोबत चालतील. सी भाषेत पॅकेज लिहिणाऱ्यांनी मात्र हा काळ वाया घालवू नये. वेगळं व्हील बांधावं, आपल्या कोडमधली स्टॅटिक व्हेरिएबल्स शोधावीत, रेस कंडिशन पकडणारा थ्रेड सॅनिटायझर लावून टेस्ट चालवाव्यात, आणि मगच 'गिल लागत नाही' ही खूण मॉड्यूलवर लावावी. ती लावायला ओळ एकच लागते. पण ती वाचून इंटरप्रिटर कुलूप काढून ठेवतो आणि ते पॅकेज वापरणाऱ्या प्रत्येकाचा डेटा त्या एका ओळीच्या भरवशावर उघडा राहतो.